बीज, सत्ता आणि सत्य



विज्ञान निःपक्षपाती असते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रयोग करणारा मनुष्यच असतो. त्याच्या मनावर तत्त्वज्ञानाचा आणि पोटावर राजसत्तेचा ताबा असू शकतो. सोव्हिएत रशियातील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी देशोदेशी हिंडून पिकांचे बियाणे गोळा केले व लेनिनग्राड येथे त्याचा प्रचंड संग्रह उभारला. त्यांच्या कार्याचा पाया आनुवंशिकतेचे शास्त्र हा होता. ब्रनोच्या मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून त्याचे नियम शोधून १८६६ साली प्रसिद्ध केले होते.

याउलट त्रोफिम लिसेंको सांगत असे की, भिजवलेले बी थंडीत ठेवल्यास पिकाचा स्वभाव पालटतो आणि तो पालट पुढील पिढीत उतरतो. सत्तेला हे मत गोड वाटले. परिस्थिती बदलली की प्रकृती बदलते, या राजमान्य विचाराशी ते जुळत होते. शिवाय भुकेल्या देशाला त्यात झटपट धान्याचे आश्वासन होते. १९४० साली वाव्हिलोव्ह यांना अटक झाली. लाखोंच्या अन्नासाठी झटलेला हा पुरुष १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावला. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्को येथे लिसेंकोचे मत अधिकृत ठरले. त्याच्या भाषणावर खुद्द स्टालिनने हात फिरवला होता. आनुवंशशास्त्र शिकवणारे अनेक जण पदच्युत झाले. १९६५ साली लिसेंकोला संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. तोवर एक पिढी वाया गेली होती.

तथापि हे वाचून आपण इतरांकडेच बोट दाखवू नये. १६३३ साली रोम येथे गॅलिलिओला दोषी ठरवणारे आपल्याच घरचे होते. ॲरिस्टॉटलच्या विश्वरचनेला त्यांनी श्रद्धेचाच भाग मानले होते. ती चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली उघडपणे मान्य केली.

मग तत्त्वज्ञान टाकून द्यावे काय? नाही. त्यावाचून प्रश्नच सुचत नाहीत. मात्र प्रश्न कोठूनही येवो, उत्तर शेतातील कणसानेच द्यावे. म्हणून एखादे मत ‘शास्त्रीय’ म्हणून आपल्यापुढे येईल, तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात: विरोधकाला निर्भयपणे बोलता येते काय? आणि पीक बुडाले, तर चूक कबूल केली जाते काय?

हेच दोन प्रश्न आपण आपल्या लाडक्या मतांनाही विचारतो काय?