मळी निघेपर्यंत जाळ हातात ठेवा



*गुऱ्हाळ हंगाम : पाठ ३*

मागच्या आठवड्यात केंद्रावर आलेल्या काही ढेपा दुय्यम प्रतीत गेल्या. ऊस चांगला, गुळव्या अनुभवी, तरी रंग काळपट आणि खाताना कचकच. विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच : "रसाला लवकर उकळी आली, मळी पुरती निघाली नाही." म्हणून आजचा पाठ मळीवर.

*मळी वर का येते?*
रसात साखरेबरोबर माती, मेण, प्रथिने आणि रंगद्रव्ये असतात. रस तापला की प्रथिने गोठतात. भेंडीचा चिकट रस बारीक कणांना एकत्र धरतो आणि सगळी घाण सायीसारखी वर येते. हे साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला घडतं. खळखळ उकळी फुटली की ही साय मोडते आणि कण परत रसात मिसळतात. पुढे पाक घट्ट होत जातो, त्यातून घाण काढता येत नाही. ही वेळ चुकली की ते आदण गेलंच म्हणा.

*तीन ठिकाणी मोजा*

*१) सामू (पीएच) :* ताज्या रसाचा सामू ५.२ ते ५.५ च्या आसपास असतो. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत तो ६ ते ६.५ वर आणा. दर वेळी ढवळून पीएच पट्टीने बघा. चुना कमी पडला तर साखर फुटते, ढेप मऊ राहते आणि पाझरते. जास्त झाला तर गूळ काळा पडतो. ऊस शिळा असेल तर रस जास्त आंबट असतो, त्यामुळे कालचं चुन्याचं माप आज चालेलच असं नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळा.

*२) मळीच्या वेळचं तापमान :* ७५ अंश झाले की चुलवणात चिपाड घालणं कमी करा. साय जाड होऊ द्या, मग झाऱ्याने पूर्ण काढा. रस स्वच्छ दिसल्यावरच जाळ वाढवा. तिथून पुढे मात्र रेंगाळू नका. पाक जास्त वेळ तापत राहिला तरी रंग जातो.

*३) उतरवण्याचं तापमान :*
• काकवी : १०५ ते १०६ अंश
• ढेपेचा गूळ : ११६ ते ११८ अंश
• गूळ पावडर : १२० ते १२२ अंश

शेवटचे काही अंश भराभर चढतात. ११० दिसलं की जाळ कमी करा आणि काहिलीजवळून हलू नका.

*आधी थर्मामीटर तपासा*
उकळत्या पाण्यात तो ९८ ते १०० अंश दाखवायला हवा. ९५ दाखवत असेल तर तीन ते पाच अंशांची चूक धरून चाला. रस मोजताना टोक काहिलीच्या तळाला टेकू देऊ नका, आकडा खोटा येतो.

*हायड्रोसबद्दल*
मळी राहिली म्हणून हायड्रोस टाकून रंग उजळवू नका. त्याने घाण निघत नाही, फक्त रंग फिका होतो. साठवणीत तोच गूळ पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश तपासणीत सापडतो.

*आजपासून एवढंच करा*
प्रत्येक आदणाचे चार आकडे वहीत लिहा : चुन्यानंतरचा सामू, मळी काढतानाचं तापमान, उतरवतानाचं तापमान आणि मिळालेली प्रत. आठ-दहा आदणं झाली की चूक कुठे होते ते तुमचं तुम्हालाच दिसेल. गुळव्याची नजर लाखमोलाची आहेच. पण तो एखाद्या दिवशी आला नाही, तर हीच वही कामाला येईल.

वहीच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. काय बदलायचं ते आपण मिळून बघू.

*पुढचा पाठ :* ढेप बांधणी आणि साठवण

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी