अंगणातला गराडू

थंडी पडू लागली की उज्जैनच्या बाजारात गराडू येतो. तळलेल्या फोडी, वर जिरावण आणि लिंबू हे माळव्याचे आवडते खाणे. महाराष्ट्रातील कोनफळ याच जातीचे. फरक इतकाच की ते बहुधा जांभळे असते.

लागवड : मे-जूनमध्ये कंदाच्या वेलाकडील टोकाचा सुमारे २०० ग्रॅमचा तुकडा लावावा. काळ्या मातीत पाणी साचल्यास कंद कुजतो. म्हणून हातभर खोल खड्डा शेणखत व वाळू मिसळलेल्या मातीने भरून वर उंचवटा करावा. वेलाला मांडवाचा आधार द्यावा.

काढणी : डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून वेल वाळला की लांबून खणत यावे व कंदाजवळची माती हाताने सारावी. कुदळीचा घाव लागल्यास तेथूनच सड सुरू होते. कंद न धुता हवेशीर सावलीत ठेवावा, फ्रिजमध्ये नव्हे.

पथ्य : सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून तेल लावावे. कच्चा कंद खाऊ नये. उपवासाला चालतो म्हणून तो सर्वांनाच मानवतो असे नाही. या वर्गातील १०० ग्रॅम कच्च्या कंदात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके आणि ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मधुमेही व्यक्तींनी तो पोळी-भाताच्या हिशेबात धरावा. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियमचे पथ्य आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून खाऊ नये. आपण डॉक्टरांनीही हिवाळ्यात अशा रुग्णांना बटाट्याबरोबर गराडूविषयी आवर्जून विचारावे.