जाम झालेला ऑईल फिल्टर : कोणता पाना, कोणत्या क्रमाने

भारतात २०१८ साली कर्नाटकात प्रथम नोंद झालेली अमेरिकन लष्करी अळी आज देशाच्या बहुतेक मका उत्पादक राज्यांत स्थिरावली आहे. ही अळी सहा अवस्थांतून वाढते. पहिल्या तीन अवस्थांत ती लहान असते, पाने खरवडून खाते आणि फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत पोहोचते. पुढे ती पोंग्यात खोलवर शिरते, स्वतःच्या विष्ठेच्या भुशाआड दडते आणि मग कितीही चांगले कीटकनाशक वापरले तरी निम्मे वाया जाते. उष्ण हवामानात या अळीची एक अवस्था साधारणपणे दोन-तीन दिवसांत संपते. म्हणजेच फवारणीचा ट्रॅक्टर ऐन वेळी तीन दिवस उभा राहिला, तर किडीच्या दृष्टीने तो काळ एका पूर्ण अवस्थेचा असतो.

ट्रॅक्टर उभा राहण्याची कारणे अनेक. त्यांपैकी एक अगदी किरकोळ वाटणारे, पण हंगामात वारंवार अनुभवास येणारे आहे. ऑईल बदलायला घेतले, जुने ऑईल काढून टाकले, आणि फिल्टर काही केल्या सुटेना. पुढे कुणीतरी पेचकस आणि हातोडी आणतो, डब्याला आरपार भोक पडते, पत्रा फाटतो, फिल्टर मात्र जागचा हलत नाही. आता इंजिन सुरूही करता येत नाही आणि वाहन गॅरेजपर्यंत नेताही येत नाही. हीच गत विस्तार कार्यकर्त्याच्या मोटारीची किंवा माल वाहणाऱ्या पिकअपचीही होऊ शकते, कारण या वाहनांपैकी बहुतेकांत फिल्टरची रचना एकच असते.

फिल्टर का चिकटतो

फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये पातळ पत्र्याचा डबा असतो. त्याच्या तोंडाशी जाड पोलादी चकती, चकतीच्या मध्यभागी आट्यांचे छिद्र आणि कडेने रबरी रिंग असते. इंजिनाच्या बाजूस आटे पाडलेली पोकळ नळी असते. तिच्यावर फिल्टर फिरत जातो. रबरी रिंग इंजिनाच्या गुळगुळीत पृष्ठाला टेकली की त्यापुढे हाताने साधारणतः पाऊण ते एक फेरा आवळणे पुरेसे असते. नेमके प्रमाण बहुतेक वेळा फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर छापलेले असते.

फिल्टर जाम होतो तो आट्यांमुळे क्वचितच; दोष बहुधा रबरी रिंगचा असतो. रिंग कोरडीच बसवली तर ती आवळताना पिळली जाते आणि धातूला चिकटते. त्यानंतर शेकडो तास इंजिनाची उष्णता सोसून रबर कडक होते. त्यात मागील वेळी एखाद्याने ‘गळायला नको’ म्हणून पान्याने आणखी अर्धा फेरा आवळलेला असेल, तर पुढच्या माणसाची परीक्षाच. गंज सोडवणारे स्प्रे येथे फारसे उपयोगी पडत नाहीत, याचे कारणही रिंगच आहे. आटे तिच्या आत बंदिस्त असतात आणि बाहेरून मारलेला स्प्रे तेथवर पोहोचत नाही. उलट डबा निसरडा होतो आणि पाना घसरू लागतो.

ऑईल काढण्यापूर्वी फिल्टर हलवून पाहावा

या संपूर्ण कामातील सर्वांत उपयुक्त सवय कोणत्याही हत्याराशी संबंधित नाही. ऑईलचा नट उघडण्याआधी फिल्टर पाव फेरा सैल होतो का, हे पाहावे. सैल झाला तर ऑईल काढून काम पुढे न्यावे. झाला नाही तर इंजिनात ऑईल आहे, डबा शाबूत आहे आणि वाहन अजून चालण्याच्या स्थितीत आहे. ते सरळ गॅरेजमध्ये नेता येते. सैल करून पुन्हा वाहन चालवायचे ठरल्यास फिल्टर परत आवळणे आणि गळती पाहणे मात्र अनिवार्य आहे.

त्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. कोमट झालेले रबर थोडे नरम पडते. इंजिन कडक तापलेले असताना हात घालू नये. फिल्टरच्या आसपास सायलेन्सरचा पाइप असतो आणि आतले ऑईलही भाजू शकते. वाहन उचलायचे असल्यास ते केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्के स्टँड लावावेत. डबा फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. फिरवण्याची दिशा फिल्टरच्या बंद टोकाकडे पाहून ठरवावी. त्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवल्यास तो सुटतो. गाडीखाली उताणे पडून हात वर केला की ही दिशा हमखास उलटी वाटते, आणि अनेक फिल्टर सोडवण्याऐवजी आणखी आवळले जातात.

पान्यांचे प्रकार आणि त्यांची जागा

बाजारात फिल्टर पाना या एकाच नावाने चार-पाच वेगवेगळी हत्यारे मिळतात. त्यांत चांगले-वाईट असे फार नाही; फिल्टरभोवती मोकळी जागा किती आणि कोणत्या बाजूने आहे, यावर निवड ठरते.

फिल्टरच्या फक्त बंद टोकापर्यंत हात पोहोचत असेल, तर टोपी पाना सर्वोत्तम. डब्याच्या टोकाला असलेल्या पैलूंवर ही टोपी घट्ट बसते आणि मागे गोटी पान्याचे रॅचेट लागते. डब्याला इजा होत नाही, जागा कमी लागते, जोरही सर्व बाजूंनी सारखा पडतो. मात्र टोपीचा व्यास आणि पैलूंची संख्या दोन्ही जुळले पाहिजे. एखाद्या मिलिमीटरचा फरक असला तरी जोर लावताच टोपी घसरते, पैलू गोल होतात आणि मग ती टोपी त्या फिल्टरवर पुन्हा कधीच पकड घेत नाही. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एकाच वाहनाला चालणारे दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे फिल्टर आट्यांना जुळतात, पण त्यांच्या डब्यांचे माप आणि पैलू वेगळे असू शकतात. त्यामुळे नव्या फिल्टरवर बसवून घेतलेली टोपी गाडीवर आधीच असलेल्या फिल्टरला बसेलच असे नाही. खरेदीपूर्वी गाडीवरील डब्याचे माप घ्यावे, पैलू मोजावेत, आणि शक्यतो पुढेही त्याच उत्पादकाचा फिल्टर घ्यावा.

टोपी जुळत नसेल आणि जागा टोकाकडूनच असेल, तर तीन नख्यांचा पाना कामी येतो. रॅचेट फिरवले की नख्या आतल्या बाजूला आवळल्या जातात. जितका जोर तितकी पकड अधिक. वेगवेगळ्या मापांना एकच पाना चालतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की नख्यांना डब्याभोवती थोडी जागा लागते आणि पातळ पत्र्यावर पोचे येतात. अनेक वाहने हाताळणाऱ्या अवजारे बँकेसाठी किंवा शेतकरी गटासाठी एकच पाना घ्यायचा झाला, तर तो हा घ्यावा. एका घराच्या एका मोटारीसाठी मात्र जुळणारी टोपीच बरी.

फिल्टर बाजूने मोकळा असेल, जसा तो कित्येक ट्रॅक्टरमध्ये असतो, तर पट्टा पाना वापरावा. कापडी किंवा नायलॉनचा पट्टा मोठ्या व्यासाच्या डब्यालाही सहज वेढतो आणि पत्रा फारसा दबत नाही. तो घसरतो तो डबा तेलकट असल्यामुळे. डबा पुसूनही पट्टा घसरत असेल तर मध्ये पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून ठेवावी, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. आश्चर्य वाटेल इतका फरक पडतो. पट्टा कोणत्या बाजूने गुंडाळला यावर तो ओढताना आवळेल की सैल होईल हे अवलंबून असते, म्हणून आधी रिकाम्या फिल्टरवर एकदा सराव करावा. धातूच्या कड्याचा पाना याच जातीचा, पकड अधिक, पण मापांची मर्यादा मोठी.

साखळी पाना आणि फिल्टरची पक्कड ही शेवटची हत्यारे. साखळी पत्र्यात रुतते आणि क्वचितच घसरते. पक्कड मुठीत धरून फिरवता येते. दोन्ही डबा चेपतात. जुना फिल्टर टाकूनच द्यायचा असल्याने त्याला पोचे येण्याचे दुःख नाही, प्रश्न डबा फाटण्याचा आहे. त्यामुळे साखळी, पट्टा, पक्कड यांपैकी काहीही वापरताना पकड डब्याच्या मध्यावर न घेता इंजिनाच्या बाजूला, जाड चकतीच्या जवळ घ्यावी. तेथे पत्र्याला आतून आधार असतो. मध्यभागी धरल्यास डबा पिळवटतो आणि रिंग मात्र जागेवरच राहते. नवा फिल्टर बसवताना ही दोन्ही हत्यारे कदापि वापरू नयेत.

काही मोटारींत डब्याऐवजी इंजिनावरच घर असते आणि त्याच्या झाकणाआड कागदी फिल्टर असतो. हे झाकण बहुधा प्लास्टिकचे असते. त्याला नखी, साखळी किंवा पक्कड लावल्यास ते तडकते आणि फिल्टरच्या कितीतरी पट खर्च होतो. येथे त्या झाकणासाठी बनवलेली नेमकी टोपी, याखेरीज दुसरा पर्याय नाही. किती जोराने आवळावे याचा आकडा पुष्कळदा झाकणावरच कोरलेला असतो.

डबा फोडण्याचा निर्णय

वरील सर्व उपाय करूनही फिल्टर हलला नाही, तर थांबावे. डब्याला पोचे आले असले तरी तो गळत नसेल आणि ऑईलची पातळी बरोबर असेल, तर दाबाच्या दिव्यावर लक्ष ठेवून वाहन जवळच्या गॅरेजमध्ये नेता येते. पेचकस ठोकून डब्यातून आरपार घालण्याची जुनी युक्ती त्यानंतरची आहे, आधीची नव्हे. डब्याला भोक पडले की इंजिन सुरू करता येत नाही, कारण पंप दाबाखाली सगळे ऑईल त्या भोकातून बाहेर फेकतो. शिवाय पेचकसावर जोर दिला की रिंग सुटण्याऐवजी पत्राच कापत जातो, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

नाइलाजच झाला आणि वाहन जागेवर ठेवणे परवडण्यासारखे असेल, तर ऑईल काढून टाकावे आणि फाटलेला पत्रा कात्रीने कापून चकती उघडी करावी. मग चकतीच्या बाहेरच्या कडेवर छिन्नी तिरकी टेकवून सुटण्याच्या दिशेने हलके ठोके द्यावेत. एकदा पहिली हालचाल झाली की ती हाताने निघते. इंजिनाच्या ज्या पृष्ठावर रिंग बसते त्याला छिन्नीचा ओरखडा जाता कामा नये. तो ओरखडा पुढे कायमची गळती होऊन राहतो. कडांना हात कापतो, म्हणून जाड हातमोजे घालावेत. फवारणीसाठी वापरलेले मोजे या कामाला घेऊ नयेत. त्यांवरील कीटकनाशकाचे अंश मग पान्याच्या मुठीवर, स्टिअरिंगवर आणि शेवटी जेवणाच्या डब्यावर जातात.

नवा फिल्टर

फिल्टर निघाल्यावर जुनी रबरी रिंग त्याच्यासोबत आली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. चिकटलेली रिंग इंजिनावरच राहिली आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसली, तर दोन रिंगांमधून ऑईल काही मिनिटांत बाहेर पडून इंजिन निकामी होऊ शकते. पृष्ठ कोरड्या फडक्याने पुसावे, नव्या रिंगला बोटाने नवे ऑईल चोळावे आणि फिल्टर हाताने, छापलेल्या प्रमाणात आवळावा. मग नवे ऑईल भरून इंजिन सुरू करावे, दाबाचा दिवा विझेपर्यंत वेग वाढवू नये, खाली गळती पाहावी, आणि बंद करून काही मिनिटांनी ऑईलची पातळी मोजावी.

काढलेल्या ऑईलचे काय करावे

वापरलेले ऑईल हा २०१६ च्या घातक कचरा नियमांत समाविष्ट असलेला पदार्थ आहे. तो कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात साठवू नये. ते डबे तीनदा धुऊन भोके पाडून नष्ट करायचे असतात, पुन्हा वापरायचे नसतात. ऑईलच्याच जुन्या कॅनमध्ये झाकण लावून ठेवावे आणि अधिकृत संकलकाकडे किंवा ते घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. जुना फिल्टर भोक खाली करून रात्रभर निथळू द्यावा.

गावोगाव हे जळके ऑईल वाळवीसाठी खांबांना, मुंग्यांसाठी झाडाच्या बुंध्याला आणि डासांसाठी डबक्यात वापरले जाते. पिकांवर वापरायची खनिज तेले अत्यंत शुद्ध केलेली असतात. इंजिनातून निघालेल्या ऑईलमध्ये धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली अपायकारक संयुगे मिसळलेली असतात. बुंध्याला लावल्यास साल करपते. आंब्यावरील पिठ्या ढेकणासाठी खोडावर प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्या खालच्या कडेला ग्रीस लावण्याची शिफारस आहे, तीही सालीला नव्हे तर पट्टीला. डबक्यात ओतलेले ऑईल डासांच्या अळ्यांबरोबर त्यांना खाणारे पाणकिडे आणि मासेही मारते, आणि पावसाळ्यात ते विहिरीकडे वाहत जाते.

नवा फिल्टर बसवल्यावर त्याच्या डब्यावर पक्क्या शाईने तारीख, ट्रॅक्टरचे तास किंवा मोटारीचे किलोमीटर आणि जुळणाऱ्या टोपीचे माप लिहून ठेवावे. खरिपाची पहिली फवारणी सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी हे लिखाण वाचून बदलाची वेळ जवळ आली आहे का ते पाहावे. आली असल्यास, फिल्टर जाम निघालाच तर हाताशी पुरेसे दिवस असतात.