आणलीस ना कुत्री घरी, आता ऐक

पोरी, रस्त्यावरची कुत्री उचलून घरी आणलीस, फार चांगलं केलंस. आता आधी तिला जरा एकटी सोड. सगळं घर तिच्याभोवती गोळा करू नकोस, पोरांना तिच्या गळ्यात पडू देऊ नकोस आणि पहिल्या दिवशी आंघोळ तर मुळीच घालू नकोस. आपण तिला वाचवलं हे तुला ठाऊक. तिला एवढंच कळलंय की कुणीतरी धरून नेलं. पडवीच्या कोपऱ्यात एक पोतं अंथर, पाण्याचं भांडं ठेव आणि तिच्याकडे पाठ करून आपली कामं करत राहा. नव्या जनावराला आधी घराचे आवाज ओळखीचे होऊ द्यायचे, भांड्यांचा, मोटारीचा, माणसांच्या खोकण्याचा, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यात बदलावं असं मला कधी काही सापडलं नाही. कुत्री सांभाळणारे लोक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भेदरलेपण, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. काहींना वर्ष लागतं. तसं झालं तर तिच्यावर रुसू नकोस.

जेवण ठरल्या वेळी, ठरल्या जागी. घरात कधी काय होईल याचा अंदाज येऊ लागला की भीती आपोआप उतरते, हे मी प्रत्येक जनावरात पाहिलंय. ताटाजवळ गेल्यावर गुरगुरली तर तिला मारायचं नाही. ती सांगतेय की लांब राहा. मारून गुरगुरणं बंद केलंस तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. खाताना आणि झोपेत तिला हात लावायचा नाही, हे पोरांकडून रोज घोकून घे.

घरात मांजर आहे, त्याचं काम नाजूक आहे. दोघांची लगेच समोरासमोर गाठ घालून देऊ नकोस. कुत्रीच्या अंथरुणाचा फडका मांजराच्या खोलीत टाक, मांजराचा इकडे आण. वास पुरता ओळखीचा झाला की मग दोरी हातात धरून लांबून भेट. मांजराला चढून बसायला फळी किंवा माळा मोकळा ठेव आणि त्याचं ताटही वरच ठेव. पळायची वाट आहे हे कळलं की मांजर निम्मं शांत होतं. कुत्री टक लावून ताठ उभी राहिली की भेट तिथंच संपवायची.

आणि कुत्री आली म्हणून दोन वेळा फिनेलनं फरशी पुसायला लागू नकोस. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं आणि ते त्याच्या पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांची काही औषधं मांजराला मारतात. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर असलेल्या घरात ते आणूच नकोस. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळीदेखील मांजराला द्यायची नाही, त्यानं मांजर दगावतं. डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, मनुका, चॉकलेट हे सगळं कुलपात ठेव.

खाण्याबद्दल आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे, ती म्हणजे दूध-भाकरी घातली की झालं. कुत्र्याला त्यानं भागत नाही. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, कोंबडी, मासे दे. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर नकोच. मोठ्या कुत्र्यांना पुष्कळदा दूध पचत नाही, त्यापेक्षा थोडं ताक बरं. शिजवलेली हाडं फुटून त्यांच्या टोकदार चिपा होतात आणि आतडं फाडतात, म्हणून ती टाकून द्यायची. मांजराचं तर मांसाशिवाय चालतच नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. नुसत्या दूधभातावर ठेवलेल्या मांजराची नजर जाते, हृदय अशक्त होतं.

तुमचा गोठा आहे म्हणून आणखी सांगते. व्यालेल्या गाईपासून कुत्रीला लांब ठेव. वासराजवळ कुत्रं गेलं की गाय शिंग घालतेच. वार पडली की ती खोल पुरून टाक, गाभडलेल्या गाईची तर नक्कीच. ती खाऊन कुत्र्याला लागलेले जंतू त्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतात आणि पुढच्या गाई गाभडतात. बोकड कापला की कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात ती पद्धतही बंद कर. त्यातला पट्टकृमी कुत्र्यावाटे माणसात येतो आणि माणसाच्या काळजात पाण्याच्या गाठी होतात. तीन महिन्यांनी एकदा जंताचं औषध द्यायचं, चुकवायचं नाही.

आता रेबीज. यात कुणाची भीड बाळगू नकोस. कुत्रं, मांजर, कुणीही चावलं, ओरबाडलं किंवा जखमेवर लाळ पडली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं घड्याळ लावून धू. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. पोटात 14 इंजेक्शनांच्या जुन्या भीतीनं लोक अजून टाळतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात, 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. त्वचेत टोचायची पद्धत असेल तर 14 वा दिवस गळतो. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं औषध टोचतात, ते आहे का हे विचारायचं. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ कुणालाच सोडत नाही.

शेतकऱ्यांचा जीव जातो तो आणखी एका ठिकाणी. रेबीज झालेली गाय लाळ गाळू लागते, आवाज बसतो, गिळता येत नाही, आणि घशात काही अडकलं असं समजून माणूस तोंडात हात घालतो. जावईबापूंना हे नीट सांग. अशा गाईच्या तोंडात हात घालायचा नाही, तिचं दूध घरात न्यायचं नाही, तिला बाजूला बांधून पशुवैद्यांना बोलवायचं. कुत्रं गाईला चावलेलं दिसलं तर तिलाही लस टोचून घेता येते, फक्त दिवस घालवायचे नाहीत.

तुमच्या जुन्नर भागात उसातला बिबट्या आहेच, आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. राखणीला म्हणून कुत्रीला रात्री अंगणात साखळीनं बांधशील तर ते तिला त्याच्या तोंडी देणं होईल. दिवेलागणीला तिला आत घे आणि दार लाव. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो याचसाठी. पण बंद दारासारखं दुसरं काही नाही.

खरूज असेल तर कुणी जळकं ऑईल लावायला सांगेल. ऐकू नकोस. कुत्री ते चाटते आणि विष पोटात जातं. खरूज आता औषधानं बरी होते. पावसाळ्यात जखमेत किडे पडले तर रॉकेल नको, तडक डॉक्टर. गोचीड रोज कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघ. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप असू शकतो.

नसबंदी कर. कुत्री जेमतेम 63 दिवसांत विते, आणि त्या पिल्लांना घर शोधता शोधता नाकी नऊ येतील. गावात इतर कुत्र्यांसाठीही हेच बघ. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडावं लागतं, कानाला खूण असते.

कंटाळा आला म्हणून तिला परत रस्त्यावर सोडणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेव. ती अजून दहा-बारा वर्षं तुमच्याकडे असेल. तुम्ही लग्नाकार्याला गेलात की तिला भाकरी कोण घालणार, हे आज ठरव. आणि या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घे. पुढच्या डोसाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिही आणि मला फोन करून सांग.