कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

मांडवी (रत्नागिरी) : चोपडीची जागा आता अनेक दुकानांत संगणकाने घेतली आहे. मालवार, महिनावार तक्ता भरला की एक्सेल क्षणात आलेख काढून देते. परंतु आपल्या किनाऱ्यावरचा धंदा हंगामी. दहा प्रकारचा माल आणि बारा महिने धरले तर 120 रकाने होतात. त्यांतले कित्येक कोरेच राहतात. अशा विरळ तक्त्याचा आलेख नीट वाचला नाही, तर चालता माल बंद करण्याची पाळी येते.

कोरेपणा तीन प्रकारचा असतो, हे व्यापारी बांधवांनी आधी ओळखावे.

1) धंदाच नव्हता : 2024 साली राज्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होती. अशा काळात ताज्या मासळीचा रकाना कोराच ठेवावा.

2) माल होता, पण खपला नाही : येथे 0 लिहावे. ही खरी मंदी आहे.

3) विक्री झाली, लिहायचे राहिले : बिलबुक पाहून आकडा भरावा. न मिळाल्यास रकाना कोरा ठेवून बाजूला ‘नोंद नाही’ असा शेरा द्यावा. अंदाजाने आकडा घालू नये.

फरक किती पडतो पाहा. समजा, हापूसच्या पेट्या मार्चमध्ये 40, एप्रिलमध्ये 90 व मेमध्ये 80 गेल्या. एकूण 210. तीन महिन्यांची सरासरी 70 येते. उरलेल्या नऊ महिन्यांत 0 भरले तर तीच सरासरी 17.5 होते! एक्सेलचे ‘ॲव्हरेज’ सूत्र कोरे रकाने सोडून देते, शून्ये मात्र मोजते.

आता आलेखाकडे वळू. आलेखावर उजवी कळ दाबून ‘सिलेक्ट डेटा’ व त्यात ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ उघडावे. ‘गॅप्स’ निवडल्यास रेघ तुटते आणि बंद काळ बंदच दिसतो. ‘झिरो’ निवडल्यास रेघ तळाला आपटते. तिसरा पर्याय दोन टोके जोडतो. त्यामुळे बंदीच्या काळातही विक्री झाल्यासारखी दिसते. हंगामी मालाला ‘गॅप्स’च योग्य.

कोऱ्या जागी आडवी रेघ मारण्याची चोपडीतली सवय येथे सोडावी. ती रेघ एक्सेल अक्षर समजते व आलेखात शून्य दाखवते. सूत्राने रिकामे दिसणारे रकानेही असेच फसवतात.

संपूर्ण तक्ता एका नजरेत पाहायचा असेल, तर ‘कलर स्केल’ वापरावे. त्यात कोऱ्या रकान्याला रंग चढत नाही, शून्याला चढतो. वर्षभर कोरी राहिलेली ओळ आलेखातून वगळावी व खाली तशी टीप द्यावी.

बँकेत कर्जासाठी किंवा भागीदारासमोर हिशेब ठेवताना हा आलेखच आपली बाजू मांडतो. म्हणून कागद पुढे करण्यापूर्वी प्रत्येक शून्याला विचारावे : माल खपला नाही, की दुकानात नव्हताच?