जलविमानाचे उड्डाण आणि झोतांचा वारा

मुंबईत जुहू येथे डिसेंबर २०१० मध्ये ‘जलहंस’ या जलविमान सेवेचा प्रारंभ झाला व पुढे ती अंदमान बेटांत चालली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमती नदीपात्रातून केवडियापर्यंत अशीच सेवा सुरू झाली. दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत. तथापि जलाशयांवर विमाने उतरविण्याचे प्रस्ताव अधूनमधून पुढे येतच असतात. त्यांचा विचार करताना धक्का, रस्ता आणि तिकीटघर यांच्याआधी वाऱ्याचा विचार व्हावयास हवा. कॅनडा आणि अलास्का येथे जलविमान हे नित्याचे वाहन आहे. तेथील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

धावपट्टीवरील विमानाला ब्रेक असतात, चाकांची पकड असते. फ्लोटवर तरंगणाऱ्या विमानाला यांपैकी काहीच नसते. इंजिन सुरू होताच ते सरकू लागते आणि वातकुक्कुटाप्रमाणे आपले नाक वाऱ्याकडे वळवू पाहते. संथ चालीत फ्लोटच्या मागील लहान सुकाणू त्याला आवरतात. जोराच्या वाऱ्यात मात्र ते अपुरे पडतात, आणि उड्डाणाच्या धावेपूर्वी तर ते पाण्याबाहेर उचलून घ्यावे लागतात. पाठीशी वारा घेऊन वेगात निघालेले विमान एकाएकी वाऱ्याकडे वळविणे विशेष घातक ठरते. वळताना केंद्रोत्सारी प्रेरणा त्याला ज्या बाजूस लोटते, त्याच बाजूस वाराही ढकलतो. बाहेरचा फ्लोट पाण्यात रुततो, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि विमान उलटते.

स्थिर वाऱ्याला सामोरे धावणे हे वस्तुतः उपकारकच असते, कारण पाण्यावरील धाव त्यामुळे आखूड होते. घात करतो तो झोताझोताने येणारा वारा. पंखांना मिळणारी उचल हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. विमान फ्लोटच्या तळावर घसरत धावू लागले असता एखादा झोत त्याला पुरेसा वेग येण्यापूर्वीच लाटेवरून उचलतो. झोत ओसरला की उचलही जाते व विमान पुढील लाटेवर आदळते. त्या वेळी एकच फ्लोट आधी टेकला, तर पंखाचे टोक पाण्यात शिरण्यास विलंब लागत नाही. या काही क्षणांत ते धड नौका राहिलेले नसते आणि धड विमानही झालेले नसते.

पाणी सोडल्यानंतरही धोका टळत नाही, विशेषतः भोवती टेकड्या असतील तर. त्यांच्या आडोशाला वारा भोवरे करतो व खाली दाबतो. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटिश कोलंबियातील सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमधून एका ‘बीव्हर’ विमानाने आठ जणांसह उड्डाण केले. वळण घेत असताना त्याच्या पंखांची उचल नाहीशी झाली व ते पाण्यात कोसळले. वातावरणाची स्थिती आणि वळणातील कल यांमुळे पंखांवरील भार वाढला, असा कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष होता. उचल संपत आल्याची सूचना देणारे यंत्रही कार्यरत नव्हते. वैमानिक व एक प्रवासी वाचले. उरलेले सहा जण बुडून मरण पावले. चारपैकी दोन दारे आघाताने अडकली होती.

अमेरिकी नियमांनुसार फ्लोटची तरणशक्ती विमानाच्या कमाल वजनाला लागणाऱ्या शक्तीहून ८० टक्के अधिक असावी लागते. हेच भक्कम फ्लोट उलटलेल्या विमानाला तरंगत ठेवतात, पण माणसे बसलेला भाग पाण्याखाली ठेवून! म्हणूनच मंडळाने लवकर उघडणारे मार्ग आणि अंगावर घातलेली तरणजाकिटे यांची शिफारस केली. २०१९ मध्ये कॅनडाने लहान व्यापारी जलविमानांसाठी जाकीट व वैमानिकांचे पाण्याखालून सुटकेचे प्रशिक्षण यांविषयी नियम केले. जाकीट अंगावर असावे, परंतु ते फुगवावयाचे बाहेर पडल्यावर. आतच फुगविल्यास ते माणसाला पाण्याखालच्या दारातून निघू देत नाही.