निद्रेची रोजनिशी

पहिल्याच तासाला जांभया देणाऱ्या मुलास आम्ही शिक्षक आळशी म्हणून मोकळे होतों. हा न्याय पुष्कळदां चुकतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास व पुढें १८ वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकांच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलें.

झोंप तुटली कीं केवळ डोळेच चुरचुरतात असें नाहीं. २००४ सालीं शिकागो येथें १२ तरुणांना दोन रात्री चार-चार तासच निजूं दिलें, तेव्हां त्यांच्या रक्तांत तृप्ति देणारें लेप्टिन घटलें व भूक चेतविणारें घ्रेलिन वाढलें. मग मध्यरात्रीं हात फरसाणाच्या डब्याकडे वळला तर नवल काय! स्थूलतेची एक वाट अशी अंथरुणांतून निघते.

ज्या मोबाईलनें झोंप पळविली त्यालाच पहाऱ्यावर बसवावें काय? बसवावें, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेर. निजावयाच्या वेळेची सूचना त्यावर लावावी. ती वाजतांच तो स्वयंपाकघरांत ठेवून द्यावा, व निजण्या-उठण्याच्या वेळा सकाळीं त्यांत टिपाव्या. मनगटी यंत्र हालचालीवरून झोंपेचा केवळ अदमास बांधतें. निमूट जागें पडलेलें मूलही त्यास निजलेलें वाटतें. पंधरा दिवसांनीं आईबापांनीं मुलास जवळ घेऊन ती नोंद वाचावी. वजनाचा आंकडा मात्र चारचौघांत उच्चारूं नये. लाजविलेलें मूल चोरून खाऊं लागतें.

आमच्या घरच्या पहिल्या पंधरवड्याच्या नोंदींत सर्वांत उशिरा निजणारा मीच निघालों.